व्यवहार-नोंदींपासून घटनासूचीकडे : प्रक्रिया-उत्खननाची पूर्वतयारी आणि वऱ्हाडातील शेतमाल बाजार

प्रस्तावना

संगणकीकृत व्यवहार-नोंदींवरून एखादी कार्यपद्धती प्रत्यक्षात कशी चालते याचा शोध घेण्याच्या शास्त्राला प्रोसेस मायनिंग अर्थात प्रक्रिया-उत्खनन असे म्हणतात. नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील विल व्हॅन डर आल्स्ट यांच्या संशोधनामुळे या विषयाला अधिष्ठान लाभले. २०११ मध्ये या विषयाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला व २०१६ मध्ये घटनासूचीसाठी एक्सईएस हे आयईईईचे मानक मान्य झाले. विश्लेषणाची साधने आज सहज उपलब्ध आहेत. परंतु निष्कर्षाची विश्वसनीयता मुख्यतः त्याआधीच्या तयारीवर अवलंबून असते. ही तयारी केवळ तांत्रिक स्वरूपाची नसून तीत घेतलेला प्रत्येक निर्णय कोणाची अडचण दिसेल व कोणाची झाकली जाईल हे ठरवितो. वऱ्हाडातील शेतमाल बाजाराच्या उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होतो.

बाजाराचे नियमन आणि नोंदीची परंपरा

भारतातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ १८८६ मध्ये कारंजा येथे स्थापन झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा अमलात आला. मापात व भावात शेतकऱ्याची फसवणूक होऊ नये हा अशा नियमनाचा हेतू होय. नोंद हे त्याचे साधन होते व आजही आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय व्यासपीठावर प्रवेशद्वारावरील आवक, गुणवत्ता तपासणी, बोली, वजन, विक्रीपट्टी आणि रक्कम अदा करणे हे टप्पे संगणकात नोंदविले जातात. मोठ्या उद्योगांच्या ईआरपी प्रणालींत खरेदी-आदेशापासून देयकापर्यंतचा प्रवास अशाच रीतीने साठविला जातो.

घटनासूचीचे स्वरूप

घटनासूचीतील प्रत्येक ओळीत किमान तीन गोष्टी आवश्यक असतात : प्रकरण-क्रमांक, कृतीचे नाव आणि कालनोंद. व्यवहार-प्रणाली मात्र या स्वरूपात माहिती ठेवीत नाही. उदाहरणार्थ, सॅप या प्रणालीत खरेदी-आदेशाचा शीर्षभाग ईकेकेओ या तक्त्यात, त्यातील ओळी ईकेपीओमध्ये, माल-आवक व बीजक यांचा इतिहास ईकेबीईमध्ये, तर नंतर केलेल्या बदलांची नोंद सीडीएचडीआर व सीडीपीओएस या तक्त्यांत असते. हे तक्ते परस्परांशी जोडून घटनासूची तयार करावी लागते.

प्रकरणाची निवड

पहिला प्रश्न असा की, प्रकरण कशास मानावे? समजा, एका शेतकऱ्याने सोयाबीनची एक गाडी बाजारात आणली. तिच्या दोन ढेऱ्या झाल्या व त्या दोन व्यापाऱ्यांनी घेतल्या. गाडी हे प्रकरण मानल्यास वजन व चुकारा या कृती दोनदा दिसतात आणि कोणता चुकारा कोणत्या वजनाचा हे कळत नाही. याउलट, ढेरी हे प्रकरण मानून गाडीची प्रवेशनोंद दोन्ही ढेऱ्यांना जोडल्यास आवक एकच असूनही ती दोनदा मोजली जाते. व्यापाऱ्याने अनेक ढेऱ्यांची रक्कम एकत्र दिल्यास हीच अडचण पुन्हा उद्भवते.

ईआरपी प्रणालींतही असेच घडते. २०१९ मध्ये संशोधकांना खुल्या करण्यात आलेल्या, रंगनिर्मिती क्षेत्रातील एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या आधारसामग्रीत २,५१,७३४ प्रकरणे व १५ लाखांहून अधिक घटना होत्या. तेथे संपूर्ण खरेदी-आदेश नव्हे, तर त्यातील प्रत्येक ओळ हे प्रकरण मानले गेले. एक घटना अनेक वस्तूंशी जोडण्याची सोय देणारे ओसीईएल हे स्वरूप २०२० पासून उपलब्ध आहे. तथापि, स्वरूप कोणतेही असो, अभ्यासाचा प्रश्न चुकाऱ्याविषयी असेल तर ढेरी हा एकक अधिक योग्य ठरतो.

कालनोंदीचा अर्थ

ईआरपीमध्ये एकाच दस्तऐवजाला अनेक दिनांक असतात : दस्तऐवजाचा दिनांक, हिशेबाचा दिनांक व प्रत्यक्ष नोंद केल्याचा दिनांक. सोमवारी झालेले वजन बुधवारी संगणकात भरले आणि विश्लेषकाने नोंद केल्याचा दिनांक घेतला, तर वजनापासून चुकाऱ्यापर्यंतचा काळ दोन दिवसांनी कमी भासतो. केवळ दिनांक असून वेळ नसल्यास एकाच दिवसाच्या कृतींचा क्रम निश्चित करता येत नाही. बोलीपूर्वीच वजन झाल्याचे चित्र उमटू शकते. जागतिक प्रमाणवेळेत साठविलेली वेळ भारतीय वेळेत रूपांतरित न केल्यास पहाटे ५.३० पूर्वीची घटना आदल्या दिवशीची ठरते. म्हणून कोणता दिनांक कोणत्या कारणास्तव निवडला, याची लेखी नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

अपूर्ण प्रकरणांचा प्रश्न

सर्वांत गंभीर चूक शुद्धीकरणाच्या नावाखाली होते. शेवटची कृती न झालेली प्रकरणे अपूर्ण म्हणून वगळण्याचा प्रघात आहे. समजा, १० ढेऱ्यांपैकी ७ ढेऱ्यांचा चुकारा २ दिवसांत मिळाला आणि ३ ढेऱ्यांचा चुकारा माहिती घेण्याच्या दिवशी ३० दिवस उलटूनही मिळालेला नाही. अपूर्ण प्रकरणे वगळल्यास सरासरी २ दिवस येते. ती ठेवल्यास प्रत्यक्ष सरासरी किमान १०.४ दिवस आहे हे उघड होते, कारण थकीत चुकाऱ्यांचा काळ अद्याप संपलेलाच नाही. ज्यांची रक्कम अडकली, नेमके तेच शेतकरी सूचीतून नाहीसे होतात आणि कार्यपद्धती निर्दोष असल्याचा निर्वाळा मिळतो. अशी प्रकरणे वगळण्याऐवजी प्रलंबित अशी खूण करून ठेवावीत व त्यांचा स्वतंत्र विचार करावा.

याबरोबरच व्यक्तीच्या खासगीपणाचे भान राखले पाहिजे. शेतकऱ्याचे नाव, आधार क्रमांक व बँक खाते यांची विश्लेषणास गरज नसते. त्यांच्या जागी सांकेतिक क्रमांक द्यावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही संमत केला आहे.

निष्कर्ष

प्रकरणाची व्याख्या, कालनोंदीची निवड आणि अपूर्ण नोंदींची हाताळणी हे तीन निर्णय विश्लेषणापूर्वीच निष्कर्षाची दिशा निश्चित करतात. ते संगणकशास्त्राच्या अभ्यासकाने एकट्याने घेण्याजोगे नाहीत. ढेरी, हर्रास, काटापट्टी व चुकारा यांचा व्यवहारातील अर्थ वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापकांना ज्ञात असतो. सरासरीतील दोष संख्याशास्त्राच्या अध्यापकांच्या चटकन ध्यानात येतो. अमरावती व अकोला परिसरातील महाविद्यालयांत हे विभाग एकाच आवारात असतात. बाजार समितीच्या संमतीने विद्यार्थ्यांनी एक दिवस काट्यावर उभे राहून प्रत्यक्ष वेळा टिपल्या व त्या संगणकातील नोंदींशी ताडून पाहिल्या, तरी घटनासूचीची पहिली कसोटी पूर्ण होईल. नोंद आणि वास्तव यांतील अंतर मोजल्याशिवाय केलेले उत्खनन कितीही सुबक आकृती देवो, बाजाराचे खरे चित्र देऊ शकत नाही.