गुडघेदुखीची गोळी : मात्रा विचारूनच घ्या

भाताची लावणी उरकली की हातखंब्याच्या वाडीवाडीत म्हातारी माणसं गुडघे आणि कंबर धरून बसतात. जन्मभर चिखलात वाकून केलेल्या कामाचं ते व्याज! मग तिठ्यावर जाणाऱ्याला सांगायचं, "येताना दुखण्याच्या चार गोळ्या आण." कुठल्या, किती, हे कोणी विचारत नाही. फवारणीला मात्र पंपाला किती मिली, ते आपण दोनदा विचारतो.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी आराम लवकर पडतो, म्हणून त्याच मागितल्या जातात. पण त्या जठराला जखमा करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. साठीनंतर मूत्रपिंड आधीच थकलेलं असतं. त्यात रक्तदाबाची आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, तर धोका फार वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डायक्लोफेनॅक पूर्वी गुरांनाही सर्रास टोचलं जायचं. अशी मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आकाशातली गिधाडं दिसेनाशी झाली. २००६ मध्ये आपल्या देशात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, माणसाला ते बेतानं चालतं. पण महिनोन् महिने स्वतःच्या मनानं नको.

मग दुखणं सोसायचं का? मुळीच नाही. दुखतं म्हणून बसून राहिलं की मांडीचे स्नायू झिजतात नि गुडघा आणखी धरतो. गुडघ्यापुरतं दुखत असेल तर आधी डायक्लोफेनॅकचं मलम लावून बघावं. त्यातलं रक्तात फार थोडं जातं. पोटातून घ्यायची तर पॅरासिटामॉल बरी. तिचा जोर बेताचाच, पण पोटाला सोसते. ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन वेळांत सहा तासांचं अंतर, दिवसाला सहाच्या वर नाही. दारू पिणाऱ्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि अंगानं अगदी किरकोळ माणसांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉलच असते, तीही मोजावी. जोरदार गोळी डॉक्टरांनी दिलीच, तर ती जेवणानंतर, सांगितले तेवढेच दिवस.

बिननावाच्या पुड्यांपासून तर दूरच राहा. गुण झटक्यात येतो, कारण कित्येकदा आत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा सुजतो, साखर वाढते. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना पुडी दाखवा.

आणखी एक. पावसात ताप येऊन पोटऱ्या दुखल्या तर ती जुनी कळ समजू नये. लेप्टो असू शकतो. गोळी घेऊन घरी न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं.

आरोग्य केंद्रात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट पिशवीत न्याव्यात आणि मूत्रपिंडासाठी रक्त तपासायचं का, ते विचारावं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आशाताईंना सोबत घेऊन लावणीनंतरच्या आठवड्यात वाडीवार असा एक दिवस ठरवला, तर चालता न येणाऱ्यांचीही सोय होईल.