‘शुगर फ्री’ : शब्द कोणाचा आणि साखर किती?

मधुमेही व्यक्तीच्या घरात ‘शुगर फ्री’ हे शब्द दोन अर्थांनी वावरतात. ‘मी चहात शुगर फ्री घालतो,’ असे आजोबा म्हणतात तेव्हा त्यांना साखरेऐवजी वापरायची गोळी अभिप्रेत असते. ‘त्यांच्यासाठी शुगर फ्री बर्फी आणली,’ असे सूनबाई म्हणतात तेव्हा तो पदार्थाचा गुण असतो. पहिले व्यापारी नाव, दुसरे वर्णन. हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढेही आला होता.

‘शुगर फ्री’ नावाने कृत्रिम स्वीटनर विकणाऱ्या कॅडिला हेल्थकेअर कंपनीने ‘अमूल’च्या उत्पादक महासंघाविरुद्ध दावा दाखल केला. अमूलच्या प्रोबायोटिक फ्रोझन डेझर्टच्या वेष्टनावर हे शब्द ठळकपणे छापलेले होते. ग्राहकाला त्यात आपलेच स्वीटनर आहे असे वाटेल, ही कॅडिलाची तक्रार; तर हे शब्द केवळ पदार्थाचा गुण सांगतात, हा अमूलचा बचाव.

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार मालाचा केवळ गुण किंवा प्रकार सांगणाऱ्या शब्दावर सहसा कोणाची मालकी होत नाही. दीर्घ वापराने त्या शब्दाला स्वतंत्र ओळख लाभली तर नोंदणी मिळू शकते. तरीही इतरांनी तो प्रामाणिकपणे वर्णनापुरता वापरण्यास आडकाठी नसते. न्यायालयाने सरसकट मनाई नाकारली. मात्र ‘शुगर फ्री’ ही अक्षरे ‘अमूल’ या नावाहून डोळ्यांत भरतील अशी छापू नयेत, असे बजावले. २००९ मध्ये खंडपीठाने कॅडिलाचे अपील फेटाळले. रोजच्या भाषेतला शब्द नाव म्हणून घेणाऱ्याने इतरही तो वापरतील हे गृहीत धरावे, असा या निकालाचा आशय आहे.

न्यायालयाने शब्दाचा निवाडा केला. पण तुमच्या बशीतला पदार्थ रक्तातील साखर किती वाढवील, हा निवाडा तुम्हालाच करावा लागतो. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

‘शुगर फ्री’ म्हणजे काय? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटर पदार्थात साखर ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक नसेल, तरच हा दावा करता येतो. ‘नो अ‍ॅडेड शुगर’चा अर्थ निराळा : वरून साखर घातलेली नाही, एवढाच. फळांतील वा दुधातील मूळची साखर त्यात असू शकते.

साखर नाही म्हणजे पिष्ट नाही, असे नव्हे. शुगर फ्री बिस्किटातील मैद्याचे पोटात ग्लुकोजच होते. माल्टोडेक्स्ट्रिन हा घटक साखरेत मोडत नाही, तरी तो रक्तातील साखर झपाट्याने वाढवतो. म्हणून वेष्टनाच्या मागील तक्त्यात ‘शुगर’खेरीज ‘कार्बोहायड्रेट’ची ओळही वाचा आणि ते आकडे किती ग्रॅमचे आहेत तेही पाहा. तूप वा वनस्पती तूप असल्यास उष्मांक भरपूर असतात, कारण एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९ कॅलरी देतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिले तीन घटक बरेच काही सांगून जातात.

माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारख्या घटकांनी गोडी आणलेली मिठाई अधिक खाल्ल्यास वृद्धांना पोटफुगी किंवा जुलाब होतात. अशा वेळी आपण काय खाल्ले, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवावी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या रुग्णाला अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरल्याची शंका घ्यावी. तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे खरी साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे. स्वीटनरची गोळी गोड लागते, पण उतरलेली साखर वर आणत नाही. म्हणून साखर व स्वीटनर यांच्या डब्यांवर मोठ्या मराठी अक्षरांत नावे लिहा. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठा.

वेष्टनाची दर्शनी बाजू विक्रेत्याची असते, मागची बाजू तुमच्यासाठी असते. ज्येष्ठांना ती बारीक अक्षरे दिसत नसतील, तर घरातील कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवावीत.