मेटाचे मोजमाप: राईनपाड्यानंतर काय बदलले, काय झाकून राहिले?

कुंभार पिंपळगाव असो, घनसावंगी असो की अंबड, भीमजयंतीच्या वर्गणीचा हिशेब, धम्म परिषदेची पत्रिका, नोकरभरतीची जाहिरात आणि कुणी वारल्याची बातमी आता व्हॉट्सॲपवरूनच कळते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामही त्याच मालकाचे आहेत, अमेरिकेतील मेटा कंपनीचे. आपल्या चळवळीचा निम्मा निरोप ज्या कंपनीच्या हातून जातो, ती कंपनी समाजाशी कशी वागते, हा प्रश्न आपल्या बैठकांत क्वचितच निघतो. निघालाच तर उत्तर दोन टोकांचे मिळते. एकजण म्हणतो, भांडवलदार कंपनी आहे, तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? दुसरा म्हणतो, वर्तमानपत्रांनी आपल्याला जागा दिली नाही, फेसबुकने दिली.

दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. आज गावातला कुठलाही तरुण मोबाइलवरून आपले म्हणणे हजारोंपर्यंत पोहोचवू शकतो. पण ज्या रस्त्याने आपला आवाज जातो, त्याच रस्त्याने अफवाही जाते, आणि तिचा वेग बहुधा जास्त असतो. म्हणून कंपनीला शिव्या किंवा शाबासकी देण्याआधी तिचा हिशेब मांडायला शिकले पाहिजे. त्यासाठी महाराष्ट्रातलीच एक घटना घेऊ.

१ जुलै २०१८, राईनपाडा

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ हा रविवार होता आणि आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतले पाचजण तिथे आले. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हे जातीने त्यांच्या पदरात टाकलेले जगणे. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या भागात काही दिवसांपासून मोबाइलवर फिरत होत्या. संशय आला, जमाव जमला आणि त्या पाचजणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले गेले. पुढे खटला चालला, काही आरोपींना जन्मठेप झाली.

ही घटना एकटी नव्हती. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून काही जणांना जमावाने घेरले होते, त्यांना पोलिसांनी वाचवले. त्या काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरून मूल उचलून नेताना दिसते. तो मुळात पाकिस्तानातील कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेला जागृतीपट होता. त्यात शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला होता.

राईनपाड्याच्या खटल्यात कंपनी आरोपी नव्हती, कायद्याने होणेही अवघड होते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ नुसार, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी मधल्या वाहकाला काही अटींवर जबाबदारीतून सूट आहे. टपाल खात्याला पत्रातल्या मजकुराबद्दल कुणी तुरुंगात टाकत नाही, तसाच हा युक्तिवाद. शिवाय २०१६ पासून व्हॉट्सॲपचे संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, मधे कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. "आम्हाला आत काय आहे ते दिसतच नाही" हे म्हणणे खोटे नव्हते.

पण पुढे काय झाले ते पाहा. केंद्र सरकारने जाब विचारला. १० जुलै २०१८ ला व्हॉट्सॲपने भारतीय वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवायला सुरुवात केली. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी संदेश पुढे ढकलण्यावर बंदी घातली आणि फोटो-व्हिडिओशेजारचे झटपट पुढे पाठवण्याचे बटणही काढले. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल झाला. त्यानंतर असे संदेश पुढे जाण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे खुद्द कंपनीने सांगितले.

माझ्या मते मेटाच्या जबाबदारीचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे, आणि तो कंपनीनेच दिला आहे. संदेश न वाचता, कुलूप न तोडता अफवेचा वेग कमी करता आला. म्हणजे वेग हा निसर्गाचा नियम नव्हता. एका बोटाने किती लोकांपर्यंत पोहोचता येईल, हे कार्यालयात बसून कुणीतरी ठरवले होते. टपाल खाते पत्राच्या शंभर प्रती काढून शंभर घरी टाकत नाही, इथे तशी सोय होती. ती सोय लोक मेल्यानंतर कमी झाली, आधी नाही.

एक छोटा हिशेबही करून पाहा. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपच्या गटात जास्तीत जास्त २५६ माणसे असत. पाच गट म्हणजे १,२८०. २०२२ मध्ये कंपनीने गटाची मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ केली. म्हणजे नवा संदेश एका फटक्यात ५,१२० लोकांपर्यंत. त्याच वर्षी, आधीच फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच गटात टाकता येईल असेही केले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्या हाताने ॲक्सिलरेटर, असा हा कारभार आहे.

देणगी आणि धंदा

आपल्याकडे 'कंपनीची सामाजिक जबाबदारी' म्हटले की सीएसआर आठवतो. शाळेला संगणक, गावाला पाण्याची टाकी, फलकावर कंपनीचे नाव. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. ही रक्कम जरूर मागावी. पण हा हिशेब २ टक्क्यांचा आहे. उरलेले ९८ टक्के कसे मिळवले, हे तो विचारत नाही. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली, ती मिळवण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

मेटाची कमाई जाहिरातींतून होते. २०२४ मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते, त्यातले जवळपास सगळे जाहिरातींचे. जाहिरात जास्त वेळ दाखवायची तर माणूस पडद्यासमोर जास्त वेळ बसला पाहिजे, आणि राग माणसाला बसवून ठेवतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीच्याच एका संशोधकाने केरळमधील वापरकर्ता म्हणून चाचणीचे खाते उघडले आणि फेसबुक सुचवेल ते पाहत गेला. तीन आठवड्यांत ते खाते द्वेष, खोट्या बातम्या आणि मृतदेहांच्या फोटोंनी भरले. कंपनी सोडलेल्या फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये बाहेर काढलेल्या कागदपत्रांतून हे कळले. त्याच कागदपत्रांवरून आलेल्या बातमीनुसार, खोट्या माहितीचे वर्गीकरण करण्याच्या खर्चातला ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी होता आणि उरलेल्या साऱ्या जगाला १३ टक्के. त्या १३ टक्क्यांत मराठीच्या वाट्याला काय आले असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

जात कुठे आहे?

द्वेषपूर्ण मजकुराविरुद्धच्या मेटाच्या नियमांत धर्म, वंश, लिंग यांच्याबरोबर जातीचाही उल्लेख आहे. हा उल्लेख आपोआप आलेला नाही, त्यामागे दलित संघटनांचा पाठपुरावा आहे. पण नियमात शब्द असणे वेगळे आणि तक्रारीनंतर पोस्ट हटणे वेगळे. इक्वॅलिटी लॅब्ज या संस्थेने २०१९ मध्ये भारतातील फेसबुकवर अहवाल काढला. त्यांनी तक्रार केलेल्या द्वेषपूर्ण पोस्टींपैकी ९३ टक्के जागेवरच राहिल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'कोटावाले', 'सरकारचे जावई' असले टोमणे यंत्राला शिवी वाटत नाहीत. ते ओळखायला भाषा येणारा आणि जात समजणारा माणूस लागतो.

मग असा माणूस कंपनीत आहे का? सिस्को कंपनीतील जातीय भेदभावाच्या तक्रारीवरून २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील सरकारी यंत्रणेने खटला भरला, तेव्हा अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांत हा प्रश्न उघडपणे आला. रॉयटर्सने २०२२ मध्ये दिलेल्या बातमीनुसार ॲपलने कर्मचाऱ्यांच्या आचारसंहितेत जातीचा स्पष्ट उल्लेख केला होता. मेटा, गुगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या अंतर्गत धोरणांत तो तेव्हा नव्हता. वापरकर्त्यांसाठीच्या नियमात जात आहे आणि आपल्याच कर्मचाऱ्यांसाठीच्या नियमात तेव्हा नव्हती, ही विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कंपनी काय लपवते, तेही पाहिले पाहिजे. भारतात आपल्या सेवांमुळे मानवी हक्कांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास मेटाने फोली होग या अमेरिकी विधी संस्थेकडून करून घेतला. जुलै २०२२ मध्ये त्याचा चार पानांचा सारांश प्रसिद्ध झाला. पूर्ण अहवाल द्या, अशी मागणी मानवी हक्क संघटनांनी केली, पण तो बाहेर आला नाही. आपल्याबद्दलचा अहवाल आपल्यालाच वाचता येत नाही.

जिथे कंपनी उभी राहिली

हिशेब एकाच बाजूचा ठेवला तर तो हिशेब राहत नाही. २०१९ मध्ये इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगासस हे हेरगिरीचे तंत्र व्हॉट्सॲपच्या कॉलमधून सुमारे १,४०० फोनांत घुसवण्याचा प्रयत्न झाला. व्हॉट्सॲपने तो पकडला, संबंधितांना स्वतः कळवले आणि २९ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेत एनएसओवर खटला भरला. भारतात ज्यांना असा निरोप आला त्यांत भीमा कोरेगाव प्रकरणातले नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि लेखक आनंद तेलतुंबडे यांची नावे प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने एनएसओला जबाबदार ठरवले. संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून द्यावा, या २०२१ च्या नियमाविरुद्धही व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. राईनपाड्यानंतर अनेकांना हा नियम बरा वाटला होता. पण मोर्चाचा निरोप देणाऱ्या कार्यकर्त्याचाही माग त्याच दाराने काढता येतो, म्हणून आपण त्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

याच कंपनीने २०२१ मध्ये मात्र 'मान्य करा नाहीतर सेवा सोडा' अशा थाटाचे गोपनीयता धोरण आणले. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. हेरापासून आपली माहिती वाचवणारी आणि ती आपल्या धंद्यासाठी मागणारी कंपनी एकच आहे.

जालन्यात याची किंमत कोण देतो?

२०२३ मध्ये अंतरवाली सराटीचे आंदोलन पेटले आणि जून २०२४ मध्ये वडीगोद्रीत ओबीसींचे उपोषण झाले. दोन्ही गावे अंबड तालुक्यातली, आपल्या शेजारची. शेतात एकत्र राबणाऱ्या माणसांच्या मोबाइलवर एकमेकांविरुद्धच्या पोस्टी येऊन पडत होत्या, हे आपण सगळ्यांनी पाहिले. आंदोलनाच्या काळात जालना आणि बीडमध्ये इंटरनेटही बंद केले गेले. अशा वेळी ऑनलाइन अर्ज भरणारा विद्यार्थी, फोनवरून पैसे घेणारा टपरीवाला आणि ऑनलाइन काम करणारी मुलगी यांची कामे थांबतात. द्वेष रोखण्याचे काम जिथे कंपनी करत नाही, तिथे सरकार सगळ्यांचेच नेट कापते.

म्हणून तक्रार करणे हे रिकामे काम समजू नये. जातीवाचक पोस्ट दिसली की आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ, खात्याचे नाव आणि पोस्टची लिंक येऊ द्या, मग ॲपमधून तक्रार करा. २०२१ च्या नियमांनी प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. मूळ नियमांत २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. निकाल पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते, वकील लागत नाही. मजकूर गंभीर असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचा मार्ग वेगळा खुला आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हे ठाण्यात सांगावे लागले तर सांगा. इंटरनेटवरचा अपमानही या कायद्याखाली येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

मेटा दर महिन्याला भारतासाठी अहवाल प्रसिद्ध करते. किती तक्रारी आल्या, कुठल्या प्रकारचा किती मजकूर हटवला, याचे आकडे त्यात असतात. 'द्वेषपूर्ण मजकूर' असा एक रकाना असतो. जातीचा स्वतंत्र रकाना नसतो आणि मराठीचाही नसतो. गावोगावच्या मंडळांनी आपल्या तक्रारी तारीखवार एका वहीत लिहून ठेवल्या, कुठल्या पोस्टवर काय उत्तर आले तेही नोंदवले, तर जो आकडा कंपनी देत नाही तो निदान एका तालुक्यापुरता आपल्या हातात येईल. येत्या १४ एप्रिलच्या तयारीच्या बैठकीत वर्गणीच्या वहीशेजारी ही दुसरी वही ठेवता येईल.