सीमा उघडली की काय होते? युरोप, सुरत आणि काही पक्के गैरसमज

सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्थानकात महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा थेट फलाटावरून जाते. तिथल्या एका बाकाचा अर्धा भाग नंदुरबार जिल्ह्यात, अर्धा तापी जिल्ह्यात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात, आणि गाडी थांबली की कुणी ना कुणी त्या बाकावर बसून फोटो काढून घेतो. रूळ जुने आहेत. सीमा १ मे १९६० ची.

त्याच्या तीनच वर्षे आधी, मार्च १९५७ मध्ये, युरोपातल्या सहा देशांनी रोम इथे नेमका उलटा करार केला होता. माल, भांडवल, सेवा आणि कामगार यांना एकमेकांच्या देशांत मोकळीक द्यायची, असे ठरले. या मोकळिकीने समाजाचे काय होते, याचा अभ्यास तिकडे निष्ठेने चालला आहे. युरोबॅरोमीटर ही लोकमताची पाहणी १९७४ पासून, तर युरोपियन सोशल सर्व्हे २००२ पासून सुरू आहे. मराठी वाचकाला हे सगळे लांबचे वाटेल. पण उधना, लिंबायत, डिंडोली या सुरतेच्या भागांत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांबद्दल आपण जे बोलतो आणि ब्रिटनमध्ये पोलिश माणसांबद्दल जे बोलले गेले, ते ताडून पाहिले तर गैरसमज जवळजवळ शब्दशः तेच निघतात.

सगळ्यांत लाडका गैरसमज लोंढ्यांचा. सीमा उघडली की माणसे धो धो येतात म्हणे. युरोपीय संघात कुठल्याही सदस्य देशात जाऊन काम करण्याचा हक्क आहे, तरी २० ते ६४ वयाच्या नागरिकांपैकी दुसऱ्या सदस्य देशात राहणारे २०२० मध्ये जेमतेम ३.३ टक्के होते. भारतात हा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमानेच दिला आहे. २०११ च्या जनगणनेत स्थलांतरितांचा आकडा ४५ कोटींवर गेला, आणि तो आकडा भाषणांतून फेकला जातो. त्यातला फार मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. राज्याची सीमा ओलांडलेले साधारण साडेपाच कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या साडेचार टक्क्यांच्या आसपास. जागतिक बँकेच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे दिसले, की एकाच राज्यातल्या शेजारी जिल्ह्यांमधली ये-जा ही राज्यसीमेच्या अल्याड-पल्याडच्या शेजारी जिल्ह्यांमधल्या ये-जेपेक्षा किमान निम्म्याने जास्त असते. नाके नसले तरी रेशनकार्ड, शाळेची भाषा आणि सरकारी नोकरीतल्या अटी सीमेवर उभ्याच असतात.

‘मग सुरत कशी फुगली?’ हा प्रश्न रास्त आहे. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या पुढे होती, २०११ मध्ये ती साडेचव्वेचाळीस लाखांवर गेली. पण २००६ मध्ये महापालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर नेली, आणि त्या हद्दीत अनेक गावे आणि नगरपालिका आपल्या घरादारांसह आल्या. म्हणजे वाढीतले बरेच लोक कुठूनही आले नव्हते. शहरच त्यांच्यापर्यंत गेले. बाहेरून आलेले कमी नाहीत, हेही खरेच. २०११ मध्ये सुरतेत हजार पुरुषांमागे फक्त ७५६ स्त्रिया होत्या. एकट्याने येणाऱ्या पुरुषांचे शहर असेच मोजले जाते. त्यातही फरक आहे. गंजाममधून यंत्रमागावर आलेला ओडिया कामगार बहुधा खानावळीतल्या खोलीत पाळीपाळीने झोपतो, तर खानदेशी माणूस पुष्कळदा बायकामुलांसह बिऱ्हाड मांडतो. म्हणूनच महापालिकेच्या शिक्षण समितीला गुजरातीबरोबर मराठी, ओडिया, तेलुगू, उर्दू, हिंदी माध्यमांच्या शाळाही चालवाव्या लागतात.

आता त्याहून चिवट समजाकडे. ‘स्थानिकांना काम नको असते, म्हणून बाहेरचे आणावे लागतात.’ हे वाक्य लंडनमध्येही ऐकू येते आणि सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीतही.

याची सर्वांत कसून तपासणी केली ती एका डच माणसाने. यान ब्रेमन हे समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण गुजरातच्या खेड्यांत आले, ते जमीनदार आणि त्यांचे हाळी, म्हणजे वेठीने बांधलेले शेतगडी, यांचे नाते समजून घ्यायला. पुढची अनेक दशके ते त्याच टापूत परत परत येत राहिले. ब्रेमन यांना बारडोलीच्या उसाच्या फडात एक विचित्र गोष्ट दिसली. गावात हळपती समाजाचे भूमिहीन मजूर कामावाचून बसलेले, आणि सहकारी साखर कारखाने मात्र धुळे-नंदुरबार-जळगावातून ऊसतोडीच्या टोळ्या आणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत हजारो कोयते फडात. कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायको, कधी जोडीला एखादे पोर, असे मजुरीचे एक एकक.

कारण आळस नव्हते. कारखान्याला सहा महिने अखंड ताजा ऊस लागतो. ट्रक मध्यरात्री आला तरी मोळ्या भरणारी माणसे फडाशेजारीच हवीत. स्थानिक मजुराला संध्याकाळी घर असते, गावात लग्न-मयत असते, भांडायला नातेवाईक असतात. कोपीत, म्हणजे फडाशेजारच्या झोपडीत, राहणाऱ्या खानदेशी जोडप्याला यातले काहीच नाही. पावसाळ्यात मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, हंगामात पोटापुरते धान्य मिळते आणि हिशेब शेवटी होतो. ब्रेमन यांचा निष्कर्ष सरळ आहे : परका मजूर पसंत पडतो तो परका असल्यामुळेच. तिकडे बारडोलीचा भूमिहीन दुसऱ्या कामाच्या शोधात बाहेर पडतो. १९८५ आणि १९९६ च्या त्यांच्या पुस्तकांत हा फेरा सविस्तर मांडला आहे, आणि ऊसतोडीवर बोलणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने तो वाचायला हवा.

ब्रिटनमध्येही लोकांच्या तर्कापेक्षा खरी कारणे वेगळीच निघाली. २००४ मध्ये पूर्वेकडचे देश संघात आले, तेव्हा सरकारसाठी केलेल्या अभ्यासात दरसाल ५ ते १३ हजार माणसे येतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये एकट्या पोलंडमध्ये जन्मलेले पावणेसहा लाखांवर भरले. संशोधकांची टिंगल झाली. पण त्यांच्या गणितात जर्मनीसारखे देशही दारे उघडतील असे धरले होते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच उघडली. पुढे २०१८ मध्ये तिथल्या स्थलांतर सल्लागार समितीने पाहिले, तर स्थानिकांच्या मजुरीवर एकंदर परिणाम अगदी थोडा निघाला. तोवर ब्रेक्झिटचे मतदान होऊन गेले होते.

माणसे मिसळली की ओळखही एक होते, हा भाबडा समज. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ नील फ्लिगस्टीन यांनी २००८ मध्ये दाखवले, की स्वतःला युरोपीय मानणारे बहुतेक शिकलेले, सुस्थितीतले, कामानिमित्त सीमेपलीकडे वावरणारे असतात. बाकीचे आपल्या देशापुरते राहतात. सुरतेत याचा एक अनपेक्षित प्रकार दिसतो. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीतून लोकसभेवर जातात, २०२० मध्ये गुजरातेत भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, आणि लिंबायतमधून संगीता पाटील विधानसभेत. २०११ मध्ये गुजरातेत मराठी मातृभाषा सांगणारे नऊ लाखांच्या घरात होते. मराठी म्हणून वेगळा पक्ष न काढता त्यांच्यातले पुढारी थेट राज्याच्या सत्तेत बसले. ऊसतोडीच्या कोपीतून मात्र तिथवर कुणी पोहोचलेले नाही.

ब्रुसेल्सच्या निर्णयांशी सुरतेचा संबंध काय, असेही वाटू शकते. संघाने रशियन हिऱ्यांवर १ जानेवारी २०२४ पासून बंदी घातली, आणि १ मार्चपासून इतर देशांत पैलू पाडलेल्या रशियन हिऱ्यांनाही ती लागू केली. सुरतेतल्या वराछा आणि कतारगामच्या कारखान्यांतल्या रत्नकलाकारांनी त्याची झळ सोसली. सगळी मंदी मात्र त्या एका बंदीच्या माथी मारणे चूक आहे. प्रयोगशाळेत बनलेले हिरे आणि चीनमधली घटलेली मागणी हीही कारणे तितकीच बळकट.

राहता राहिला कायद्याचा भ्रम. बाजार एक झाला की हक्कही आपोआप एक होतात, असे नाही. युरोपने दुसऱ्या देशात पाठवलेल्या कामगारांसाठी १९९६ मध्ये नियम केला, तरी त्याच ठिकाणच्या समान कामाला समान मोबदला हे तत्त्व त्यात यायला २०१८ उजाडले. आपल्याकडे आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. तो कंत्राटदारामार्फत परराज्यात नेलेल्या मजुरांपुरता होता. म्हणजे बारडोलीच्या एकाच फडात नवापूरचा कोयता त्या कायद्याच्या कक्षेत आणि शेजारचा डांगचा कोयता बाहेर, कारण डांग गुजरातेत आहे. १९६० आधी ही राज्यसीमाच नव्हती. नव्या कामगार संहितेने स्वतःहून येणाऱ्या मजुरालाही व्याख्येत घेतले, हे चांगले झाले. पण आस्थापनेला लागू होण्यासाठी पूर्वी पाच परप्रांतीय कामगार पुरत असत, आता दहा लागतात.

मोजणीतही एक भोक आहे. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने हंगामी स्थलांतरित म्हणून गणले ते एक ते सहा महिने बाहेर राहिलेल्यांना. उसाचा हंगाम सहा महिन्यांच्या पुढे रेंगाळला, की नंदुरबारचे ते जोडपे त्या रकान्यात बसत नाही.