गोवामुक्ती : कायद्याच्या कसोटीवर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाला, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्या कारवाईमागचा कायदेशीर वाद मात्र फारसा परिचित नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील कलम २(४) अन्वये कोणत्याही राष्ट्राला दुसऱ्या राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर करता येत नाही. त्यास अपवाद दोनच : सशस्त्र हल्ला झाल्यास कलम ५१ नुसार स्वसंरक्षण, किंवा सुरक्षा परिषदेची अनुमती. मग भारताची कारवाई यांपैकी कशात बसत होती?

या वादाची पहिली फेरी हेगमध्ये झडली आणि तीही पेशवाईतील कागदपत्रांवरून. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा व नगर हवेली मुक्त केली; त्यांत संगीतकार सुधीर फडके हेही होते. दमणहून तेथे सैन्य पाठवायचे तर भारतीय प्रदेश ओलांडणे भाग होते आणि भारताने ती वाट रोखली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. भारताच्या वकिलांत सेटलवाड होते, तर भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून छगला पीठावर बसले.

पोर्तुगालची भिस्त होती १७७९ च्या पुणे करारावर. मराठ्यांनी बारा हजार रुपये वसुलाची गावे तोडून दिली होती, हे खरे. पण दिले ते राज्य की नुसता वसूल? ही देणगी सरंजामाच्या स्वरूपाची आहे, तीत सार्वभौमत्वाचे हस्तांतर नाही, असा न्यायालयाने निर्वाळा दिला. मोडी दफ्तरातील शब्द जागतिक न्यायपीठापुढे असा कसाला लागल्याची उदाहरणे विरळाच! तथापि, पुढे इंग्रजांनी तेथील पोर्तुगीज सत्ता सार्वभौम म्हणून मान्य केली होती, हेही न्यायालयाने नोंदवले. अखेर १२ एप्रिल १९६० च्या निकालात पोर्तुगालला नागरिक, मुलकी अधिकारी व सामान्य मालासाठी वाटेचा हक्क मिळाला, सैन्य व शस्त्रांसाठी नाही. आणि १९५४ मध्ये वाट रोखण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे बहुमताने ठरले.

गोव्यात मात्र प्रत्यक्ष सैन्य उतरले. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषद बसली. अंजदीव बेटावरून नोव्हेंबरमध्ये भारतीय नौकांवर गोळीबार झाला होता. परंतु तेवढ्यावरून संपूर्ण गोवा घेणे स्वसंरक्षणात बसवणे अवघडच होते. भारताचा खरा युक्तिवाद वेगळा होता. गोवा हा भारताचाच भाग आहे, वसाहतीवर सार्वभौम हक्क निर्माण होऊच शकत नाही आणि म्हणून येथे परराष्ट्रावर आक्रमण झालेलेच नाही, असे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी मांडले. वसाहतवाद संपवण्याचा आमसभेचा १९६० चा ठराव त्यांच्या पाठीशी होता. सैन्य मागे घेण्यास सांगणाऱ्या ठरावाला सात मते अनुकूल, चार प्रतिकूल पडली. सोव्हिएत नकाराधिकाराने तो बारगळला.

भारताचा हा युक्तिवाद नैतिकदृष्ट्या बळकट, कायद्याच्या दृष्टीने मात्र निसरडा होता. आपल्याच भूमीवर परकी वसाहत आहे असे म्हणून अर्जेंटिनाने १९८२ मध्ये फॉकलंड बेटे घेतली, तेव्हा परिषदेने त्यास सैन्य मागे घेण्यास फर्मावले. गोव्याच्या बाबतीत वसाहती मोडण्याच्या लाटेने जे तारले, ते तेथे तारू शकले नाही.

गंमत अशी की, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये गोव्यातील एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या खटल्यात हा प्रदेश जिंकून सामील करून घेतला गेला, अशीच भूमिका घेतली. न्यूयॉर्कमध्ये टाळलेला शब्द दिल्लीत निकालपत्रात आला. लिस्बनमधील सत्तांतरानंतर ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने पोर्तुगालने या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तेही ते भारतात समाविष्ट झाले त्या त्या तारखांपासून.