नितळ पाण्यात काय शोधायचं?

खडूच्या खडकातून उगम पावणाऱ्या नद्या जगात दोनशेहून थोड्या अधिक आहेत आणि त्यांतल्या सुमारे ८५ टक्के एकट्या इंग्लंडमध्ये आहेत. हॅम्पशरमधल्या टेस्ट आणि इचेन, बर्कशरमधली लॅम्बॉर्न, लंडनच्या वायव्येची चेस या त्यांतल्या काही. मे ते ऑगस्ट हे तिकडचे उबदार महिने. त्या दिवसांत निसर्गसंस्था आणि गावोगावची नदीप्रेमी मंडळं या नद्यांच्या काठाने माहीतगारासोबत पायी फेऱ्या काढतात. सुट्टीच्या दिवशीचा विरंगुळा म्हणूनच बहुतेक लोक त्यांकडे बघतात. मला त्या फेऱ्या नद्या वाचवण्याच्या कामाचाच एक भाग वाटतात, कारण या नद्यांचं दुखणं अनोळखी डोळ्यांना दिसतच नाही.

ते का दिसत नाही, हे कळायला आधी ही नदी कशी चालते ते पाहायला हवं. खडू म्हणजे क्रिटेशियस काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेली सूक्ष्म शैवालांची चुनखडी कवचं. (त्याच काळाच्या अखेरीस आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरत होता.) हिवाळ्यातला पाऊस या खडकात स्पंजात मुरावा तसा मुरतो, महिनोन्महिने गाळला जातो आणि झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येतो. झऱ्याच्या तोंडाशी पाण्याचं तापमान बाराही महिने दहा-अकरा अंशांच्या आसपास राहतं. या संथ झिरपण्यामुळे पूर कमी, गढूळपणा कमी आणि पाणी इतकं नितळ की तळाचा एकेक खडा दिसावा. जूनमध्ये या पाण्यावर वॉटर क्रोफूट या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या फुलांचे ताटवे तरंगत असतात. तिच्या लांब हिरव्या बटा प्रवाह थोपवून पाण्याची पातळी वर धरतात, शिवाय त्यांच्या आडोशाला असंख्य किडे वाढतात. ट्राउट आणि ग्रेलिंग हे मासे त्या किड्यांवर जगतात.

मात्र याच नितळपणामुळे आपण फसतो. सांडपाणी केंद्रांतून आणि शेतांतून येणारं फॉस्फेट पाण्याचा रंग बदलत नाही. ते वाढलं की खड्यांवर शेवाळाचा तपकिरी थर चढतो. शेतातली बारीक माती खड्यांच्या फटींत बसते आणि हिवाळ्यात तिथे घातलेली ट्राउटची अंडी प्राणवायूअभावी गुदमरतात. ब्लू-विंग्ड ऑलिव्ह या माशीच्या अंड्यांनाही हीच माती आणि हेच फॉस्फेट मारतं. काठावरून पाहणाऱ्याला मात्र सगळं छान दिसतं. जे असायला हवं होतं आणि नाही, ते त्याला कोण दाखवणार? जाणता वाटाड्या नेमकं हेच करतो. काठच्या गवताचे तिरके कुरतडलेले तुकडे एका जागी पडलेले दाखवून तो सांगतो की हे वॉटर व्होल या पाणउंदराचं जेवण. गेल्या अर्धशतकात हा प्राणी बहुतेक जागांवरून नाहीसा झाला, त्याला फर-फार्ममधून निसटलेला अमेरिकन मिंक हा शिकारी प्राणी मोठ्या प्रमाणात कारण ठरला. मे महिन्याच्या अखेरीस एफेमेरा डॅनिका ही मेफ्लाय पृष्ठभागावर कात टाकून उडते, तेव्हा वाटाड्या तिच्या तीन लांब शेपट्यांकडे बोट दाखवतो. साधारण दोन वर्षं ती तळाच्या गाळात वाढलेली असते. पंख फुटल्यावर तिला खाता येत नाही, आणि एक-दोन दिवसांत जोडीदार मिळवून, अंडी घालून ती मरते. ज्याने हे एकदा पाहिलं, त्याला पुढच्या वर्षी माश्या कमी दिसल्या तर ते जाणवतं.

यावर पहिला आक्षेप असा की माणसांची गर्दी म्हणजे नदीला त्रास. त्यात तथ्य आहे. काठ पायाखाली तुडवले जातात. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरच्या औषधांतली फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं इंग्लंडच्या नद्यांत सापडली आहेत. पण हा युक्तिवाद वाटाड्या सोबत असलेल्या फेरीविरुद्ध जात नाही, तिच्याच बाजूने जातो. ठरलेली वाट, मर्यादित माणसं आणि कुत्र्याला पाण्यात सोडू नका असं सांगणारं कोणी, हे एकटंदुकटं फिरण्यात कुठून येणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. टेस्टसारख्या नद्यांचे काठ बऱ्याच अंशी खासगी आहेत आणि मासेमारीच्या हौशी मंडळींनी, त्यांच्या पगारी नदीरक्षकांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या निगुतीने सांभाळल्या. मग बाहेरच्यांची गरज काय? त्यांचं ऋण मान्य करायलाच हवं, माश्या घटल्याची हाकाटी मासेमारांनीच आधी केली. पण नदीचं पाणी ओढलं जातं ते भूजलाच्या पंपांनी, आणि मैलापाण्याच्या केंद्रांची सुधारणा होते ती नियामकांवर दबाव आला की. एका काठाचा मालक कितीही दक्ष असला तरी तो नळाच्या प्रत्येक ग्राहकाला बोलता करू शकत नाही. हर्टफर्डशरमधल्या व्हर नदीचं उदाहरण घ्या. उगमाजवळच्या फ्रायर्स वॉश इथला उपसा १९९३ मध्ये थांबला, तो स्थानिकांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर. ओळखच नसलेल्या नदीसाठी असा पाठपुरावा कोणी करत नाही.

फेरीनंतर माणसं काय करतात, हेही महत्त्वाचं. अनेक नद्यांवर प्रशिक्षित स्वयंसेवक ठरावीक जागी तीन मिनिटं पायाने तळ ढवळतात, उठलेले किडे जाळीत धरतात, पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात आणि आठ गटांत मोजतात. आकडा ठरलेल्या पातळीखाली गेला की पर्यावरण खात्याला कळवलं जातं. हे साधं काम आहे, पण प्रदूषणाचा प्रसंग उघड करायला ते पुरतं, कारण विषारी पाणी वाहून गेलं तरी किड्यांची संख्या ते सांगतच राहते. असे स्वयंसेवक काठाशी ओळख झालेल्या लोकांतूनच मिळतात.

एका बाबतीत या फेऱ्यांच्या आयोजकांनी बदल करावा असं वाटतं. फुलांच्या आणि मेफ्लायच्या दिवसांतच लोकांना नेलं, तर त्यांना नदीची उत्तम अवस्था तेवढी दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात, भूजल सर्वांत खाली असताना, वरच्या भागाच्या कोरड्या पात्रातूनही चालवायला हवं. वरच्या टोकाचं हंगामी कोरडेपण काही नद्यांत नैसर्गिक आहे, ते कुठे संपतं आणि उपशाने आणलेलं कोरडेपण कुठे सुरू होतं, हे तिथेच नीट सांगता येईल. अशा फेरीसाठी लंडनच्या मराठी मंडळींना चेस गाठायला मेट्रोपॉलिटन लाइनच्या चेशम स्टेशनवर उतरलं की पुरे. हॅरो-वॉटफर्ड पट्ट्यात घरी नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा खडूतल्या भूजलाचाच असतो, तेव्हा या नदीचं कमी-जास्त होणं त्यांच्याही वापराशी जोडलेलं आहे.