भगिनींचा तपास : विनोदी रहस्यकादंबरीतील एका नात्याचा आढावा

रहस्यकथेचा विचार करताना आपल्याकडील टीकाकारांचे लक्ष बहुधा गुन्ह्याच्या गुंत्याकडे आणि त्याच्या उकलीकडे जाते. तो गुंता उकलणारी माणसे परस्परांशी कोणत्या नात्याने बांधलेली आहेत, हा प्रश्न मात्र सहसा दप्तरी दाखल होऊन तसाच पडून राहतो. वास्तविक होम्स आणि वॉटसन यांच्यापासून रूढ झालेली जोडी ही गुरू आणि भक्त यांची जोडी आहे. एकाने थक्क करावे आणि दुसऱ्याने थक्क होऊन ती हकीकत लिहून ठेवावी, असा तेथील करार असतो. या जोडीच्या जागी साठीच्या घरातल्या दोन सख्ख्या बहिणी आणून बसवल्या की तो करार तत्काळ रद्द होतो, कारण जिने आपल्याला बोबड्या बोलापासून पाहिले आहे तिच्यापुढे सर्वज्ञतेचा आव आणता येत नाही. रक्तपाताचे वर्णन टाळून घर, शेजार आणि गाव यांच्या परिसरात गुन्ह्याचा शोध घेणाऱ्या इंग्रजी विनोदी रहस्यकादंबरीला या नात्याने काय दिले, आणि विशेषतः अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या कवयित्री ॲन जॉर्ज यांनी त्यातून केवढे मोठे काम करून घेतले, याचा परामर्श घेण्याचा येथे उद्देश आहे.

या परंपरेचे मूळ वाटते त्याहून जुने आहे. १८९७ साली ॲना कॅथरीन ग्रीन यांनी ‘दॅट अफेअर नेक्स्ट डोअर’ या कादंबरीत अमेलिया बटरवर्थ नावाची न्यूयॉर्कमधील एक सधन, अविवाहित, प्रौढ स्त्री उभी केली. मध्यरात्री शेजारच्या बंद घरात एक जोडपे शिरताना आणि थोड्या वेळाने पुरुष एकटाच बाहेर पडताना तिने खिडकीतून पाहिले, आणि पोलिसांनी जबानी घेऊन तिला घरी बसवण्याची खटपट केली तरी ती बसली नाही. पुढे पहिल्या महायुद्धाने इंग्लंडमध्ये तरुणांची एक पिढी कापून काढली. १९२१ च्या खानेसुमारीत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या १७ लाखांहून अधिक भरली, आणि ज्यांना संसार लाभण्याची शक्यता उरली नव्हती अशा त्या स्त्रियांचे करायचे काय, याची चर्चा वृत्तपत्रांतून फारशा सौजन्याने झाली नाही. डोरोथी सेयर्स यांनी १९२७ च्या ‘अननॅचरल डेथ’मध्ये याच उपेक्षित वर्गातील मिस क्लिम्प्सन हिला तपासाच्या कामावर नेमले, त्यामागे स्पष्ट न्यायबुद्धी होती : फौजदाराला ज्या स्वयंपाकघरात मज्जाव, तेथे विणकामाची पिशवी घेतलेली बाई सहज जाऊन बसते.

अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पलची जन्मकथा तर आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. १९२६ च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’मध्ये कथन करणाऱ्या डॉक्टरांची बहीण कॅरोलाइन ही घराचा उंबरठा न ओलांडता गावातली प्रत्येक बातमी पैदा करते, आणि भावाने कितीही लपवाछपवी केली तरी तिला आधीच सर्व ठाऊक असते. पुढे या कादंबरीवरून ‘अलिबाय’ हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा कॅरोलाइनला काढून तिच्या जागी एक तरुण मुलगी घालण्यात आली. ख्रिस्तीबाईंना तो बदल फार लागला, आणि मिस मार्पलचा उगम त्या व्यथेत असावा असे त्यांनी आत्मचरित्रात सूचित केले आहे. म्हणजे या प्रकारातील सर्वांत विख्यात वृद्धा ही मुळात एका बहिणीची उत्तराधिकारिणी आहे.

बहिणींनी मिळून तपास करण्याची कल्पना यानंतर हळूहळू रुजली. ऑस्ट्रेलियात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या कॉन्स्टन्स आणि ग्वेनिथ लिटल या सख्ख्या बहिणींनी १९३८ ते १९५३ या काळात २१ विनोदी रहस्यकादंबऱ्या जोडीने लिहिल्या. क्रेग राइस यांच्या १९४४ च्या ‘होम स्वीट होमिसाइड’मध्ये रहस्यकादंबऱ्या लिहून घर चालवणाऱ्या विधवेच्या दोन मुली आणि धाकटा मुलगा शेजारच्या खुनाचा छडा लावायला निघतात; आईला प्रसिद्धी मिळावी आणि जमल्यास तपासावरच्या अंमलदाराशी तिचे लग्न व्हावे, हे त्यांचे दुहेरी कारस्थान आजही तितकेच गोड वाटते. १९७३–७४ मध्ये ‘द स्नूप सिस्टर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत हेलन हेज आणि मिल्ड्रेड नॅटविक या ज्येष्ठ अभिनेत्रींनी अशाच दोन बहिणी साकारल्या. पण ती मालिका अल्पायुषी ठरली.

या नात्याला पूर्ण न्याय मिळाला तो ॲन जॉर्ज यांच्या हातून. १९२७ साली माँटगोमेरी येथे जन्मलेल्या या बाई पेशाने शिक्षिका आणि वृत्तीने कवयित्री. साठी उलटल्यानंतर त्यांनी रहस्यकादंबरीला हात घातला आणि १९९६ ते २००१ या अवघ्या पाच-सहा वर्षांत ‘सदर्न सिस्टर्स’ मालिकेच्या आठ कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्याच कादंबरीला, ‘मर्डर ऑन अ गर्ल्स नाइट आउट’ला, पदार्पणाचा अगाथा पुरस्कार मिळाला, ख्रिस्तीबाईंच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचे सन्मानचिन्ह म्हणजे चहाची किटली.

या मालिकेतील दोन बहिणींपैकी पॅट्रिशिया ॲन ही धाकटी, साठ वर्षांची, अंगाने काटकुळी, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, चाळीस वर्षे एकाच नवऱ्याशी सुखाने संसार केलेली. मेरी ॲलिस ही थोरली, सहा फूट उंच, अडीचशे पौंड वजनाची, वयाचा आकडा सोयीने सांगणारी, आणि वयाने बऱ्याच मोठ्या अशा तीन धनाढ्य पतींना एकामागून एक निरोप देऊन, भेटीला जाणे सोपे पडावे म्हणून तिघांनाही एल्मवुड दफनभूमीत एकत्र ठेवलेली. पहिल्या कादंबरीत मेरी ॲलिस लहर आली म्हणून गावाबाहेरचा एक नाचगाण्याचा बार विकत घेते, आणि व्यवहार झाला न झाला तोच जुन्या मालकाचे प्रेत तेथल्याच इच्छापूर्तीच्या शोभेच्या विहिरीत लोंबकळताना सापडते. येथून पुढे पंचनामा, शेरीफ, साक्षी हे सर्व रीतसर येते. पण वाचक खिळून राहतो तो मोटारीत शेजारी बसलेल्या त्या दोघींच्या अखंड वादामुळे. बालपणी कोणी कोणाचे काय पळवले, आईचा ओढा कोणाकडे होता, हे दिवाणी दावे साठ वर्षांत निकाली निघालेले नाहीत, आणि प्रेताची बातमी समजल्यावरही ते तहकूब होत नाहीत.

हा केवळ विनोद नव्हे, ती तपासाची रीत आहे. थोरली बेधडक कोठेही घुसते आणि परक्या माणसाला दोन वाक्यांत बोलते करते; धाकटीला तीस वर्षांच्या अध्यापनामुळे गावातले निम्मे तरुण ठाऊक असतात. बारमधला आचारी संशयित ठरतो तेव्हा तो आपला जुना, लेखनाची उत्तम जाण असलेला विद्यार्थी आहे एवढ्याच दाखल्यावर ती त्याच्या निर्दोषपणाची खातरजमा करते. माणूस दीर्घकाळ जवळून पाहिला असेल तर त्याच्या हातून काय घडणे शक्य नाही हे आपल्याला कळते. ही श्रद्धा बोटांच्या ठशांइतकी पक्की नसेल, परंतु बहिणी एकमेकींना ज्या आधारावर ओळखतात तो आधार हाच, आणि लेखिकेने तोच गावभर पसरवला आहे.

ज्या भूमीवर हे घडते तीही काल्पनिक नाही. अलाबामातील बर्मिंगहॅम हे १८७१ साली वसलेले, लोखंड, कोळसा आणि चुनखडी जवळजवळ सापडल्यामुळे झपाट्याने वाढलेले शहर. त्याच्या माथ्यावर रेड माउंटनवर १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनासाठी ओतलेला व्हल्कन देवतेचा ५६ फुटी लोखंडी पुतळा उभा आहे. पुढून कामकऱ्याचे वस्त्र आणि पाठीमागून उघडा, अशा या देवाची पाठ नेमकी एका सभ्य वस्तीकडे आहे, आणि ॲन जॉर्ज त्याचा विनोदासाठी मनसोक्त उपयोग करतात. १९९९ साली जीर्णोद्धारासाठी पुतळा उतरवला गेला; अखेरच्या कादंबरीतील मदतनिधीचा कार्यक्रम त्याच्याच डागडुजीसाठी आहे, आणि एल्व्हिस प्रेस्लीचे सोंग घेऊन नाचणाऱ्यांपैकी एकाला तेथेच मृत्यू गाठतो. ज्या शहरात १९६३ साली चर्चमधील स्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या, त्या शहराचा तो इतिहास मात्र या पानांत फारसा डोकावत नाही. सुखवस्तू गोऱ्या घरांची ही मर्यादा मला प्रत्येक वाचनात जाणवते, आणि ती नोंदवलीच पाहिजे.

तरीही या कादंबऱ्या हलक्या म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. या दोघींच्या वयाला मृत्यू ही गुन्हेगाराने घरात आणलेली अपूर्व वस्तू नाही. समवयस्कांच्या अंत्यविधींना त्या नेहमीच जातात, शोकाकुल घरी जेवणाचे डबे पोहोचवतात, आणि दारातच एकमेकींच्या कपड्यांवरून भांडतात. हास्य येथे मृत्यूची विटंबना करीत नाही. मागे राहिलेल्यांना ते उभे राहण्याचे बळ देते. कवितेत आयुष्य घालवलेल्या लेखिकेलाच हा तोल इतक्या सहजतेने साधता आला असावा.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड यांच्या द्वारा रहस्यकथा घराघरांत नेली. अनंत अंतरकरांनी विनोदासाठी ‘मोहिनी’ आणि अद्भुत-रहस्यासाठी ‘नवल’ अशी स्वतंत्र नियतकालिके चालवली, आणि दोन्हींनी आपापला वाचक घडवला. पुण्याच्या मंजिरी प्रभू यांनी २००४ साली ‘द कॉस्मिक क्लूज’मध्ये स्त्री-गुप्तहेर आणली, पण ती इंग्रजीत. विनोद आणि रहस्य एकाच पंगतीला बसवून, माहेरच्या जुन्या कज्ज्यांसकट दोन प्रौढ बहिणींना तपासावर धाडणारी कादंबरी आपल्याकडे रुजली नाही. वास्तविक लग्नघर, हळदीकुंकू, वाटणीचे दस्तऐवज, सोसायटीची वार्षिक सभा अशी सामग्री येथे मुबलक आहे, आणि गावाची नस ओळखणाऱ्या निवृत्त शिक्षिकांचीही वाण नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे की पुढील वर्षी त्यांनी या प्रकारासाठी पाने राखून ठेवावीत, आणि आमच्या लेखिकांनी ती मागून घ्यावीत.